पेनिसिलीन ते चुंबकीय अधिशोषक : प्रतिजैविके व पाणी यांचा इतिहास

प्रस्तावना : इ. स. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलीनचा शोध लावला. स्वतंत्र भारताने हे औषध स्वदेशात निर्माण करण्याच्या हेतूने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली. १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे हा त्या काळातील प्रमुख प्रश्न होता; वापरानंतर ते कोठे जाते, हा प्रश्न पुढे उभा राहिला.

समस्येचे स्वरूप : घेतलेल्या प्रतिजैविकाचा काही भाग न बदलता शरीराबाहेर पडतो. सांडपाणी शुद्धीकरणाच्या पारंपरिक पद्धती मुख्यतः जैविक घाण दूर करण्यासाठी आहेत. ही द्रव्ये त्यांतून पूर्णपणे निघत नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. अशा पाण्यात प्रतिरोधक जिवाणू तगतात आणि मग तेच औषध रुग्णावर निष्प्रभ ठरते.

उपायाचा विकास : सक्रिय कोळसा प्रदूषक शोषून घेतो, परंतु त्याची बारीक भुकटी पाण्यातून वेगळी काढणे कठीण असते. कोळशावर मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण बसविल्यास ती चुंबकाने ओढून घेता येते. २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण वापरून पाण्यातील आर्सेनिक दूर करता येते, हे दाखविले. पुढे हे तत्त्व प्रतिजैविकांसाठीही वापरले गेले. टेट्रासायक्लिनसारखी द्रव्ये लोहाशी बंध जोडतात, याचाही लाभ होतो.

मर्यादा : अधिशोषणाने औषध नष्ट होत नाही, ते केवळ स्थान बदलते. अधिशोषक धुतल्यावर निघणाऱ्या द्रावणाची विल्हेवाट लावावीच लागते. आम्लधर्मी पाण्यात लोह विरघळण्याचीही शक्यता असते.

निष्कर्ष : केंद्र शासनाच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा होत्या, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. तंत्र उपलब्ध होऊनही नियम मागे राहिला, हे या इतिहासाचे सार होय. पारोळ्याच्या बोरी नदीसारख्या क्षीण प्रवाहात सांडपाणी विरळ होण्यास वाव कमी असतो. खानदेशात पऱ्हाट्या व केळीचे खांब विपुल आहेत. त्यांपासून कोळसा करून चुंबकीय अधिशोषक बनविण्याचा अभ्यास येथील महाविद्यालयांनी हाती घेणे उचित ठरेल.