जोडपानाची कुळकथा

नियतकालिक उघडल्यावर वाचकाच्या नजरेसमोर डावे आणि उजवे अशी दोन पाने एकाच वेळी येतात, आणि त्या दोहोंचा मिळून एक पट मानून केलेल्या मांडणीला छापखान्यात ‘डबल स्प्रेड’ म्हणतात. येथे तिच्यासाठी जोडपान हा शब्द वापरला आहे, आणि हेच जोडपान अंकाच्या नेमक्या मध्यावर आले तर ते ‘मधले पान’ ठरते. मराठी मासिकांनी ही कल्पना अमेरिकी सचित्र साप्ताहिकांवरून उचलली असा एक सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा नसला, तरी कागदाची घडी, खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई आणि ठसे पाडण्याचे तंत्र यांनी या मांडणीला जे वळण दिले त्याचा हिशेब त्यात धरलेला नाही.

या कुळकथेचा आरंभ पोथीपासून करावा लागतो, आणि त्यासाठी धुळे हे सोयीचे ठिकाण आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळही याच शहरात आहे. पोथीचे पान आडवे व सुटे असते. दोन्ही कडांना तांबड्या रेघा आखून समास सोडलेला असतो, शब्दांमध्ये जागा न ठेवता ओळ एका समासापासून दुसऱ्यापर्यंत सलग भरलेली असते, अध्यायाची समाप्ती किंवा ओवीचा क्रमांक तांबड्या शाईने उठावदार केलेला असतो, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावलेली असते. वाचून झालेले पान खालून वर उलटून ठेवले, की त्याची मागची बाजू वर आणि पुढच्या पानाची दर्शनी बाजू खाली अशी रचना होते. म्हणजे पोथीलाही जोडपान आहे, पण ते उभे आहे, आणि दोन पानांमध्ये शिवण नाही. नजर कोठे थांबवायची, कोठे पुढे न्यायची हे लेखनिक रंगाने आणि समासाने ठरवत होता. मांडणीकार हा शब्द त्याला कोणी लावला नाही, एवढेच.

शिवलेल्या पुस्तकाने ही सगळी व्यवस्था बदलली. पाने उभी झाली, त्यांच्यामध्ये शिवण आली, आणि डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या देवनागरीत पान उलटताना उजवे पान आधी दृष्टीस पडत असल्याने लेखाची सुरुवात शक्यतो उजव्या, म्हणजे विषम क्रमांकाच्या पानावर करण्याचा रिवाज रुळला. तरी एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकांना जोडपान असे नव्हतेच. एकामागून एक पाने होती आणि त्यांत मजकूर भरलेला होता. जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या खिळ्यांनी अक्षराला सौष्ठव दिले, पण पानाची आखणी पुस्तकाचीच राहिली. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावात सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक केवळ कवितेला वाहिलेले होते, आणि कवितेच्या पानाची अडचण गद्याहून वेगळी असते: शार्दूलविक्रीडिताचा चरण एकोणीस अक्षरांचा असल्याने अरुंद रकान्यात तो मोडतो, आणि मोडलेला चरण वाचकाचा ताल चुकवतो. चौदा ओळींचे सुनीत एका पानात सामावते. त्याहून दीर्घ कविता समोरासमोरच्या दोन पानांत बसवायची की पान उलटायला लावायचे, हा प्रश्न कवितेच्या मासिकाला अंकागणिक पडतो.

जोडपान उशिरा येण्याचे खरे कारण फर्म्यात आहे. फर्मा म्हणजे कागदाच्या एका मोठ्या तावावर दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून तयार होणारा पानांचा गठ्ठा. सोळा पानी फर्म्यात प्रत्येक बाजूस आठ पाने अशा क्रमाने लावावी लागतात, की घडी घातल्यावर ती एकापाठोपाठ यावीत. परिणामी समोरासमोर येणाऱ्या पानांपैकी फक्त आठवे आणि नववे ही एकच जोडी तावावर शेजारी शेजारी सलग असते. बाकी कोणत्याही जोडीवर चित्र पसरायचे, तर त्याचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या जागी छापावे लागतात, आणि घडी केसभर सरकली तरी चेहऱ्याचे दोन भाग वरखाली होतात. मधल्या पानाचा मान आणि त्याच्या जाहिरातीचा चढा दर या साध्या यंत्रगणितातून आला.

दुसरी अडचण ठशांची होती. छायाचित्राच्या छटा बारीक ठिपक्यांत उतरवणारा हाफटोन ब्लॉक साध्या कागदावर नीट उमटत नसे, म्हणून छायाचित्रे आणि रंगीत चित्रे गुळगुळीत आर्ट पेपरवर निराळी छापून अंकात जोडली जात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून पुढे बराच काळ चित्र आणि मजकूर एकाच अंकात असूनही शेजारी नांदत नव्हते. रेषाचित्राचा जस्ताचा ब्लॉक मात्र खिळ्यांच्या बरोबरीने साध्या कागदावर छापता येई, आणि मोठ्या शीर्षकांसाठी देवनागरी खिळ्यांत फारशी विविधता नसल्याने शीर्षक हाताने रेखाटून चित्रासह एकाच ब्लॉकमध्ये घालणे सोयीचे पडे. मराठी जोडपानाचे मोठे आकर्षण या टंचाईतून जन्मले. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे यांची रेषा आणि पुढे कमल शेडगे यांच्यासारख्यांचे अक्षरांकन यांमुळे कथेचे नाव हे चित्राचाच एक अवयव झाले. डाव्या पानावरील आकृतीची नजर किंवा हात उजवीकडे वळवायचा आणि वाचकाला पहिल्या परिच्छेदापर्यंत आणून सोडायचे, ही युक्ती त्यात साधता येई. त्याच सुमारास अमेरिकेत ‘हार्पर्स बझार’चे कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच दोन पानांवर छायाचित्र आणि मोकळी जागा यांचा मेळ घालत होते. मराठीत कागद महाग आणि छायाचित्र दुर्मीळ, त्यामुळे मोकळी जागा ही उधळपट्टी मानली गेली आणि रेषेवर भिस्त राहिली.

दोन प्रयोग त्यातूनही वेगळे ठरतात. ‘आवाज’ दिवाळी अंकातील खिडकीचित्रांत पानाला भोक पाडलेले असे. त्यातून खालच्या पानावरील चित्राचा एवढाच भाग दिसे, की वाचकाच्या मनात चावट अर्थ यावा, आणि पान उलटताच निरागस प्रसंग समोर येऊन तो फजीत व्हावा. येथे जोडपान रुंदीत नसून खोलीत आहे, आणि वाचकाच्या हाताची हालचाल हाच मांडणीचा भाग आहे. या बाबतीत मराठी कल्पकता कोणाच्या मागे नव्हती. दुसरा प्रयोग १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातील ‘रविवारची जत्रा’ या मधल्या पानांचा. आठवड्याच्या घडामोडींवरील व्यंगचित्रे सलग दोन पानांवर विखुरलेली असल्याने त्यांना ठरलेला वाचनक्रम नव्हता, आणि वाचक जत्रेत फिरावे तसा कोठूनही शिरू शकत होता.

ऑफसेट छपाईने चित्र आणि मजकूर एकाच कागदावर आणले, संगणकावरील अक्षरजुळणीने खिळे मोडीत काढले, आणि मुक्तछंदामुळे कवितेच्या पानावरील कोरी जागा अर्थवाही झाली. १९८५ साली पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्यातून ‘कविता-रती’ सुरू केले, तेव्हा जळगावच्या ‘काव्यरत्नावली’नंतर खानदेशात कवितेला वाहिलेल्या नियतकालिकाची परंपरा पुन्हा जिवंत झाली, आणि ओळ कोठे मोडावी हा प्रश्न वृत्ताकडून कवीकडे आलेला होता.

आज पडद्यावर दोन पाने सपाट दिसतात, तेथे शिवण नसते, आणि त्याच भरवशावर शीर्षक दोन्ही पानांवर ताणले जाते. पण जाडजूड दिवाळी अंक हल्ली गोंदाने बांधलेले असतात. ते पूर्ण उघडत नाहीत आणि मधली दोन-तीन अक्षरे बांधणीत गडप होतात. अशा अंकात मजकुराचे एकही अक्षर शिवणीवर ठेवू नये, आणि ठेवायचेच असेल तर अंक पिन मारून बांधावा व ते जोडपान मध्यावर घ्यावे.