अनोळखी रानाचा नकाशा

अमेरिकेतील सरकारी रानात धनुष्यबाण घेऊन एल्क नावाच्या थोरल्या हरणामागे जाणारा शिकारी आधी घरीच नकाशा पसरतो. पाणी कोठे, चढ कोठे, कुरण कोठे? या छंदाला एक कारुण्याची किनार आहे, ती फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

‘याही’ जमातीचा अखेरचा माणूस इशी १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी आला. विद्यापीठातील शल्यवैद्य सॅक्स्टन पोप यांना धनुर्विद्या शिकविली ती त्याने. पोपांनी १९२३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, अन् शिकाऱ्यांची नवी पिढी त्यावर पोसली.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन आणि पोप ही विद्वान मंडळी इशीला घेऊन त्याच्या मुलखात, डिअर क्रीकच्या दऱ्यांत गेली. त्याला जावयाचे नव्हते. आप्तांच्या मरणाचीच ती भूमी! तरी गेला. ओढे, वाटा, जुन्या वस्त्या नावानिशी सांगू लागला, आणि मंडळी नकाशावर टिपून घेऊ लागली. दोन वर्षांत क्षयाने तो गेला.

तो मुलूख आता लासेन राष्ट्रीय वनात मोडतो. १९८४ साली त्यातला काही भाग इशीच्या नावाने राखून ठेवण्यात आला.