कालवांचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ व नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ताटातल्या कालवाला मात्र ही सूट देता येत नाही. इंग्लंडाने हा धडा जबर किंमत देऊन घेतला.

१० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर व साउदॅम्प्टन या दोन नगरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. काही दिवसांनी दोन्हीकडचे पाहुणे विषमज्वराने अंथरुणास खिळले. विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन विल्यम स्टीफन्स त्याच डिसेंबरात निवर्तले. नगरे निराळी, स्वयंपाकघरे निराळी; दुखणे मात्र एकच! सरकारी वैद्यकीय निरीक्षक डॉ. बुलस्ट्रोड यांनी माग काढला, तो एम्सवर्थच्या खाडीपाशी जाऊन पोचला. तेथील कालवे दोन्ही पंक्तींत वाढली गेली होती आणि गावाची गटारे त्या कालवांच्या तळ्यांलगतच रिती होत होती. कालव पाणी गाळून आपले अन्न मिळवते. त्या पाण्यातले रोगजंतूही त्याच्या पोटात साठतात, आणि खाणारा तर त्याला कच्चेच गिळतो. एम्सवर्थचा धंदा बसला. फॉस्टर नावाच्या व्यापाऱ्याने स्थानिक मंडळावर लावलेला दावा १९०६ साली जिंकला. पण गेलेली पत न्यायालयाच्या निकालाने परत येत नाही.

पुढे १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत कालवांपासून सुमारे १,५०० माणसे विषमज्वराने आजारी पडली व १५० दगावली. तेव्हा फेब्रुवारी १९२५ मध्ये सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी परिषद बोलाविली. तीतून खाड्यांची तपासणी, व्यापाऱ्यांस दाखले आणि मालावर उगमाची खूण, अशी पद्धत रूढ झाली. आज तेथे कालवांच्या प्रत्येक पोत्यास चिठ्ठी असते: कोणत्या पाण्यातून, कोणत्या दिवशी, कोणी काढली. माल संपल्यावरही उपाहारगृहाने ती ९० दिवस जपावी लागते. कारण दूषित कालवांतून होणारी कावीळ कधी कधी दीड महिन्यानंतरही प्रकट होते.

कोकणात खडकावरची कालवे फोडून आणणारी बाई आम्हांस ओळखीची असे. तिची खाडीही ठाऊक असे. परमुलखात ती ओळख चिठ्ठीलाच द्यावी लागते. जावक क्रमांक आणि शिक्के यांत जन्म घालविलेले आम्ही त्यांची थट्टा पुष्कळ करतो. परंतु एखादी बारीकशी नोंद माणसाचा प्राण राखते, हे या इतिहासावरून ध्यानी घ्यावे आणि उद्या कचेरीत तारीख घालताना हात किंचित सावकाश चालवावा.