लँकेशायरची वाट

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत संध्याकाळी जी मुले फुटबॉल खेळताना दिसतात, त्यांच्या पाठीवर परदेशी खेळाडूंची नावे छापलेली असतात. गोदावरीकाठच्या मुलाने दूरदेशीच्या वीराचे नाव अंगावर मिरवावे यात वावगे काहीच नाही. परंतु त्या नावांत आपल्या प्रांतातले एकही का नसावे, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर सुशिक्षित घरांतून बहुधा एका वाक्यात दिले जाते : आपली शरीरे त्या खेळास पुरी पडत नाहीत. हे उत्तर सोपे आहे. खरे आहे असे मात्र आम्हास वाटत नाही. आमच्या मते यात पायांइतकाच कागदाचाही भाग आहे, आणि तो कागद कोणत्या साली आडवा आला हे सांगता येते.

त्यासाठी प्रथम थोडे क्रिकेटकडे वळावे लागेल. त्याचे प्रयोजन पुढे ध्यानी येईल. इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर परगण्यात कापडगिरण्यांची लहान लहान गावे आहेत. या गावांच्या क्रिकेट लीगमध्ये प्रत्येक संघाने एक पगारी खेळाडू बाळगावा अशी वहिवाट होती. बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात वा कचेरीत काम करणारे. अकरावा मात्र जगात कोठूनही आणलेला. सामना शनिवारी दुपारी. पगारी खेळाडूने पन्नास धावा काढल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे व जमलेली चिल्लर त्याची होई. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नेल्सन गावी असेच राहिले, आणि त्यांच्या पाठोपाठ लाला अमरनाथ त्याच गावी आले. पुढे आपल्याकडील मंडळींनी ही वाट चांगलीच मळविली. सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले. कोल्हापुरात जन्मलेले दत्तू फडकर नेल्सनकडून. मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून. आपली फिरकी टाकून परदेशी पोट भरणारा मराठी माणूस १९५० नंतरच्या त्या वर्षांत नवलाचा राहिला नव्हता. हे रिश्टन गाव ब्लॅकबर्न शहरापासून अवघ्या तीन-चार मैलांवर आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता फुटबॉल. तेथेही वाट प्रारंभी मोकळीच होती. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने १९३४ पासून सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. त्या संघात मेटियाब्रुझचे मोहम्मद सलीम हे आघाडीच्या फळीत कडेने खेळत. १९३६ साली ते एका नातलगासोबत आगबोटीने विलायतेस गेले, आणि ग्लासगोच्या प्रसिद्ध सेल्टिक संघाने त्यांची परीक्षा घेतली. सलीम बूट घालीत नसत. पायांस पट्ट्या गुंडाळून ते खेळत. सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून ते दोन सामने खेळले व दोन्हींत चमकले. वृत्तपत्रांनी त्यांस हिंदी जादूगाराच्या पंक्तीस बसविले. क्लबाने राहण्याचा आग्रह केला असता घरची ओढ अनावर होऊन ते परतले. येथे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्यांस कोणी परतविले नाही. ते आपल्या मनाने आले. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन साम्राज्याच्या कोणत्याही मैदानावर उतरू शकत होता. गुलामगिरीचे हे एक विचित्र दान होते, आणि त्याची आठवण ठेवताना आम्हास मुळीच आनंद होत नाही.

स्वातंत्र्यानंतरही ते दार लागलीच लागले नाही. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांस इंग्लंडमध्ये येण्याची मोकळीक ठेविली होती. नेमक्या याच काळात आपल्याजवळ आघाडीचा एक असामान्य खेळाडू होता. टाटांच्या संघाकडून खेळणारे मुंबईचे नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये खुद्द यजमान ऑस्ट्रेलियावर एकाच सामन्यात तीन गोल केले. तो सामना भारताने ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. ज्याने हे केले त्यास युरोपातील एखाद्या संघाने मागणी घालावी, आणि त्याने ती विचारात घ्यावी, यात अशक्य काय होते? परंतु आपल्याकडे फुटबॉल हा पोटाचा धंदा नव्हता. तो कचेरीतील, गिरणीतील, रेल्वेतील नोकरीच्या आश्रयाने चालणारा खेळ होता. चांगल्या खेळाडूस चांगली नोकरी मिळे, निवृत्तिवेतनाची सोय होई, आणि घरची माणसे निश्चिंत होत. दार उघडे होते तेव्हा उंबरठा ओलांडण्याची कोणास निकड भासली नाही. यास दोष म्हणावा की शहाणपण, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. ज्या बापाच्या घरी चार खाणारी तोंडे आहेत तो यास शहाणपणच म्हणेल.

मग १९६२ साल उजाडले. ब्रिटिश पार्लमेंटने राष्ट्रकुलातील लोकांच्या आगमनावर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि पुढील काळात ते निर्बंध उत्तरोत्तर कडक होत गेले. क्रिकेटपटूंस याची झळ फारशी लागली नाही. क्रिकेट खेळणारी राष्ट्रे मोजकी, व त्यांत भारत अग्रभागी. फुटबॉलची गोष्ट निराळी. तेथे कामाचा परवाना देताना खेळाडूच्या देशाचा जागतिक क्रमांक पाहण्याची पद्धत पडली. सिक्कीमचे बाईचुंग भुतिया यांस १९९९ साली बरी या संघाकडून खेळण्याची परवानगी मिळाली. हा संघही लँकेशायरच्याच जुन्या मुलखातला. पण दहाच वर्षांनी, २००९ साली, सुनील छेत्री यांचा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स संघाशी करार झाला असताना तो निष्फळ ठरला; कारण एकच, भारताचा क्रमांक पहिल्या सत्तरांत नव्हता. छेत्री पुढे अमेरिकेत व पोर्तुगालात जाऊन आले, पण तेथे त्यांस मुख्य संघापेक्षा दुय्यम संघातच अधिक वावरावे लागले. म्हणजे १९३६ साली पट्ट्या बांधलेल्या अनवाणी पायांना जे साधले, ते २००९ साली हाती करार असलेल्या राष्ट्रीय खेळाडूस साधले नाही. एका माणसाची लायकी त्याच्या सर्व देशबांधवांच्या सरासरीवरून ठरविणे ही न्यायाची कोणती तऱ्हा, हे आम्हास उमगत नाही.

आपल्या प्रांतात फुटबॉलचे खरे घर म्हणजे कोल्हापूर. जेथे तालमी कुस्तीसाठी उभ्या राहिल्या, तेथेच त्यांचे फुटबॉल संघ झाले, हा चमत्कार इतरत्र क्वचितच आढळेल. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परक्यास लाल मातीचा वास येईल. कोल्हापूरकरास गोल आठवतो. संस्थानाच्या राजघराण्याने या खेळास आश्रय दिला, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने ज्या ईर्ष्येने पाहिले जातात ती पाहून कोणासही वाटावे, येथून परदेशी जाणारे खेळाडू रांगेने निघत असतील. तसे घडले नाही. पेठेची निष्ठा हे बळ खरे, पण ती मुलास पेठेतच धरून ठेवते, असे आमचे निरीक्षण आहे.

या शहरात २००० साली एका रिक्षाचालकाच्या घरी जन्मलेला अनिकेत जाधव हा त्यास अपवाद ठरला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. ६ ऑक्टोबर रोजी दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारताचा पहिला सामना झाला, त्यात आघाडीवर हा कोल्हापूरचा मुलगा होता. भारत तो सामना ०-३ असा हरला. पुढे विशीही न ओलांडलेला हा तरुण तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. कोठे, तर ब्लॅकबर्न रोव्हर्स संघात! १८८८ साली इंग्लिश लीग स्थापन करणाऱ्या बारा संघांतील हा एक. २०१० पासून तो पुण्याच्या कुक्कुटपालन व्यवसायातील व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे. पुण्याची मालकी, कोल्हापूरचा आघाडीवीर, आणि शेजारच्या रिश्टन गावी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या गुप्त्यांच्या आठवणी : एखाद्या कादंबरीकारानेही इतका योग जुळवून आणला नसता.

तथापि अनिकेत तेथे सराव करीत होता, सामन्यांसाठी त्याची नोंद होण्याचा मार्ग नव्हता. २०१५ पासून इंग्लिश नियम अधिकच आवळला गेला होता. देश पहिल्या पन्नासांत हवा, आणि तळाच्या क्रमांकांवरील देशाच्या खेळाडूने राष्ट्रीय संघाचे शंभरांत पंचाहत्तर सामने खेळलेले हवेत. भारत त्या सुमारास शंभराच्या आसपास होता. संघ विकत घेता येतो, पण त्याच संघात आपल्या गावचा मुलगा उतरविता येत नाही. आघाडीच्या खेळाडूचे शिक्षण सरावात अर्धेच होते. उरलेले प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीशी झुंजताना, हरताना, हुकलेल्या गोलाची शिक्षा सोसताना होते. आणि ते सतराव्या ते बाविसाव्या वर्षांच्या दरम्यानच व्हावे लागते. गवयास चाळिशीतही सूर गवसतो. आघाडीच्या खेळाडूस तेवढी मुदत नाही.

न्याय्यपणाने हेही सांगितले पाहिजे की सर्वच दारे सारखी बंद नव्हती. गुरप्रीतसिंग संधू हा आपला गोलरक्षक २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक संघात गेला व तेथे पहिल्या दर्जाचे सामने खेळला. इंग्लंडनेही २०२१ पासून गुणांची नवी पद्धत आणली, आणि २०२३ साली प्रत्येक मोठ्या संघास निकषांत न बसणारे थोडे परदेशी खेळाडू घेण्याची सवलत दिली. मुलाच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी इंग्लंडचा हट्ट सोडून नॉर्वेसारख्या लहान देशांकडे पाहावे, असे आम्ही सुचवू; तेथे प्रसिद्धी कमी, पण शनिवारी मैदानावर उतरावयास मिळते.

अनिकेत मात्र या सवलतींपूर्वीच मायदेशी परतला होता. तो जमशेदपूरकडून खेळला, नंतर हैदराबादकडे गेला. डिसेंबर २०२१ मध्ये ईशान्येच्या संघाविरुद्ध त्याने शेवटच्या क्षणी एक गोल केला, आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डाच्या मैदानावर हैदराबादने त्या वर्षीचे विजेतेपद मिळविले. त्या दिवशी त्याचे वय एकवीस वर्षे आठ महिने होते.