एकजूट आणि स्वसंरक्षण : पोलंडमधील शेतकरी आंदोलनाची दोन नावे

साम्यवादी राजवटीच्या अस्तानंतर पोलंडमध्ये रस्त्यावर उतरलेला शेतकरी गतकाळासाठी हळहळत होता, असे मत वारंवार मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. सामूहिक शेतीचा प्रयोग तेथे १९५६ नंतर बहुतांशी सोडून देण्यात आला, आणि सुमारे तीन-चतुर्थांश शेतजमीन खाजगी मालकीचीच राहिली. १२ मे १९८१ रोजी मान्यता मिळालेल्या शेतकरी संघटनेने कामगारांचेच 'सोलिदारनोश्च', म्हणजे एकजूट, हे नाव धारण केले. शासनाविरुद्ध शहर व खेडे एका बाजूस आहेत, हा त्या नावाचा आशय होता.

१ जानेवारी १९९० पासून अमलात आलेल्या बाल्त्सेरोविच योजनेने हा आशय मोडला. वाढलेले व्याजदर जुन्या कर्जांसही लागू झाले. ज्याची जमीन राजवटीला घेता आली नव्हती, त्याच्या दारी आता जप्ती येऊन उभी राहिली. दुसरीकडे सरकारी शेते मोडीत काढण्याचा कायदा १९९१ मध्ये झाला आणि तेथील मजूर निराधार झाले. हळहळ होती ती मुख्यतः या भूमिहीनांची.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या आंद्झेय लेप्पर यांच्या संघटनेने 'सामोओब्रोना', म्हणजे स्वसंरक्षण, हे नाव घेतले. कर्जबाजारी मालक आणि बेकार मजूर यांचे हितसंबंध भिन्न होते; परंतु संरक्षण दोघांनाही हवे होते. १९९९ च्या रस्ते-रोधांनी हे नाव देशभर झाले. २००१ च्या निवडणुकीत पक्षाला १०.२ टक्के मते व ५३ जागा मिळाल्या. २००६ मध्ये लेप्पर उपपंतप्रधान व कृषिमंत्री झाले. परंतु सत्ताधाऱ्यांपासून संरक्षण मागणारा स्वतःच सत्ताधारी झाला, तेव्हा त्या शब्दाला प्रतिपक्ष उरला नाही. त्यात गैरवर्तनाच्या आरोपांची भर पडली, आणि २००७ मध्ये पक्षाची मते दीड टक्क्यावर आली.

२०२४ मध्ये युक्रेनच्या धान्याची आयात व युरोपीय संघाचे हरित धोरण यांविरुद्ध ट्रॅक्टर पुनः रस्त्यावर आले. त्यात 'सोलिदारनोश्च' हे जुने नाव अग्रभागी होते. मागणी मात्र स्वसंरक्षणाचीच होती. आंदोलनाचे नाव टिकले म्हणून त्याचा अर्थही टिकला, असे इतिहासाच्या अभ्यासकाने गृहीत धरू नये.