राडेगुंडचा शेतकरी आणि बिशपांचा सल्ला

'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द आपण मराठीत बहुधा व्यक्तीच्या बाजूने वापरतो. जग एक सांगते, मन दुसरे सांगते, आणि आपण मनाचा कौल घेतो. येथे तुकोबांची आठवण होणे मराठी वाचकाला स्वाभाविकच आहे. कॅथॉलिक शिकवणुकीतला अर्थ मात्र याहून अडचणीचा आहे. तेथेही विवेकाची आज्ञा बंधनकारकच असते. चुकलेल्या विवेकाविरुद्ध वागणेसुद्धा पाप होय, असे संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच सांगून ठेवले. परंतु हा विवेक आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो. आणि घडवायचा तो शास्त्र, प्रार्थना व ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधाराने. मग ज्यांनी घडवायचे तेच उलट सल्ला देऊ लागले तर?

हा पेच आम्हाला कोणत्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथापेक्षा फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याच्या चरित्रात अधिक नेमका भेटतो. अप्पर ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यात १९०७ साली त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो दांडगट म्हणूनच गावाला ठाऊक होता. गावातली पहिली मोटारसायकल त्याची. १९३६ साली फ्रान्झिस्काशी विवाह झाला आणि त्याच्या श्रद्धेला खोली आली. तीन मुली झाल्या. पुढे तो गावच्या चर्चमध्ये सेवक म्हणूनही काम पाहू लागला. एप्रिल १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झाले, तेव्हा विरोधात मत देणारा गावात तो एकटाच होता.

लष्करी प्रशिक्षण घेऊन १९४१ साली तो घरी परतला. युद्ध न्याय्य नसेल तर त्यात लढणे पाप आहे, हे त्याला धर्मशिक्षणानेच शिकवले होते. रशियावरची स्वारी बोल्शेविझमविरुद्ध आहे म्हणतात, तर मग तिथले खनिज, तेलविहिरी आणि सुपीक जमिनी कशासाठी हव्यात, असा रोखठोक प्रश्न त्याने आपल्या वहीत लिहिला. गावच्या शाळेपुरते शिक्षण झालेल्या माणसाचे हे गद्य आहे, आणि त्यात कोठेही पाल्हाळ नाही.

प्रश्नांची यादी घेऊन तो लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांच्याकडे गेला. फ्रान्झिस्का बाहेर थांबली. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे तुझ्यासारख्या कुटुंबवत्सल माणसाचे काम नव्हे, असे त्याला सांगण्यात आले. बाहेर आल्यावर तो पत्नीला एवढेच म्हणाला, की यांना स्वतःलाच धीर होत नाही; बोलले तर पाळी त्यांच्यावर येईल.

बिशपांना खलपुरुष ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. संशय असेल तेथे नागरिकाने राज्यकर्त्यांवर भिस्त ठेवावी, हे त्या काळच्या पाठ्यपुस्तकी नीतिशास्त्राला धरूनच होते. अडचण इतकीच, की येगरश्टेटरला संशय उरला नव्हता.

१ मार्च १९४३ रोजी तो एन्स येथे हजर झाला आणि लढण्यास त्याने नकार दिला. शुश्रूषापथकात काम करण्याची तयारी मात्र त्याने दाखवली होती. ती मानली गेली नाही. बर्लिनच्या तुरुंगात एका धर्मगुरूने त्याला फ्रान्झ रायनिश या फादरांविषयी सांगितले. हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारल्याबद्दल रायनिश यांना आदल्या वर्षी देहदंड झाला होता. ही माहिती ऐकून त्याला फार दिलासा मिळाला. आपला विवेक ख्रिस्तसभेबाहेरचा नाही, याची एक तरी साक्ष त्याला हवी होती. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला.

युद्धानंतर धर्मप्रांताच्या नियतकालिकात त्याच्यावर लेख येणार होता. तो फ्लीसर यांनी थांबवला. कर्तव्य म्हणून लढून पडलेले कॅथॉलिक तरुण आपल्याला अधिक थोर वाटतात, असे त्यांचे मत होते. निष्पापपणे चुकलेल्या विवेकाबद्दल आदर आहेच, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. अक्वायनसचीच परिभाषा, पण ती येथे एखाद्याला सन्मानाने बाजूला सारण्यासाठी वापरलेली.

१९६४ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी त्याचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे १९६५ साली हे उदाहरण मांडले ते मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. भारतीय धर्मगुरूसाठी जागा मोकळी करावी म्हणून हे इंग्रज जेझुइट १९५० साली त्या पदावरून दूर झाले होते. विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यांत माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेच्या दस्तऐवजात डिसेंबर १९६५ मध्ये नमूद झाले.

फ्रान्झिस्काला दरम्यान पतीच्या मृत्यूबद्दल गावाचा दोष सोसावा लागला. निवृत्तिवेतनही १९५० पर्यंत मिळाले नाही. २६ ऑक्टोबर २००७ रोजी त्याच लिंझच्या कॅथीड्रलमध्ये येगरश्टेटरला 'धन्य' घोषित करण्यात आले, तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती. पतीच्या अवशेषांची पेटी हाती आल्यावर तिने तिचे चुंबन घेतले आणि ती पुढे दिली.