चाळीस टक्क्यांची रेघ

‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016’ 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. 1995च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे सात प्रकार वाढून एकवीस झाले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण तीन टक्क्यांवरून चारवर गेले. या वाढीची चर्चा पुष्कळ झाली. दाखल्यावरचे 40 टक्के कोणत्या हक्काला लागतात आणि कोणत्या हक्काला लागत नाहीत, हा प्रश्न मात्र मागे राहिला. कार्यालयांत या दोहोंची सरमिसळ होते आणि हक्क नाकारले जाण्याचे एक मोठे कारण तीच आहे, असे येथे मांडायचे आहे.

1. व्याख्या

कायद्यात दोन संज्ञा आहेत. कलम 2(एस) प्रमाणे, जिला दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची क्षती आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. येथे टक्केवारी नाही. क्षती आणि अडथळा एकत्र आले की दिव्यांगत्व घडते, हा विचार संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या करारातून आला. भारताने तो करार 2007मध्ये स्वीकारला. कलम 2(आर) मध्ये ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ येते आणि त्यासाठी किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. पहिला वर्ग व्यापक आहे, दुसरा त्याचा पोटवर्ग.

2. मापन

टक्के ठरतात ते शरीरावरून. अस्थिव्यंगात सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि हालचालींतला समन्वय पाहतात. श्रवणदोष डेसिबलमध्ये मोजतात. दृष्टिदोषात चष्मा लावूनची नजर आणि दृष्टिक्षेत्र तपासतात. दोन दोष असल्यास सरळ बेरीज करत नाहीत. मोठी टक्केवारी ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरून अ + ब(90 − अ)/90 हे सूत्र वापरतात. 60 आणि 30 यांचे उत्तर 70 येते. पद्धत शिस्तीची आहे, पण तिच्यात जिन्याला किंवा प्रश्नपत्रिकेच्या बारीक टायपाला जागा नाही. पायाने अधू असलेल्या दोघांचे टक्के सारखेच असतील. एकाच्या कचेरीत लिफ्ट असेल, दुसऱ्याची कचेरी बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. व्याख्येतल्या दोन घटकांपैकी दाखल्यावर उतरतो तो एकच.

3. हक्कांचे दोन वर्ग

काही हक्क वाटपाचे आहेत : नोकरीतल्या चार टक्के जागा, उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागा. जागा मोजक्या असल्याने कुठेतरी रेघ ओढावीच लागते. दुसरे हक्क सहभागाचे आहेत : भेदभावापासून संरक्षण, सुगम इमारती व वाहने, परीक्षेत किंवा कामावर वाजवी सोयी. उतार एकाने वापरला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही.

एसटीच्या भाड्यातली 75 टक्के सवलत दाखल्यावर मिळते. गाडीत चढता येणे हा सहभागाचा हक्क. पायरीच चढता आली नाही, तर सवलतीचे तिकीट घेऊन करायचे काय? तरी प्रशासनाचा ओढा सवलतीकडे असतो, कारण लाभार्थी मोजता येतात आणि खर्च अहवालात दाखवता येतो.

यावर आक्षेप असा की, सोयींनाही पैसा लागतो. रेघ नसेल तर गैरफायदा घेतला जाईल. पण कायद्याने मर्यादा घातलेलीच आहे. ‘वाजवी सोयी’च्या व्याख्येतच, देणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये, अशी अट आहे. ती प्रत्येक प्रकरणात तपासायची असते. टक्क्यांचा आकडा तिची जागा घेऊ शकत नाही.

4. न्यायालयाची भूमिका

लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचे दिव्यांगत्व ‘लक्षणीय’ नव्हते. लेखनिक केवळ त्या पोटवर्गापुरता राखून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी ठरवले. पुढे ऑगस्ट 2022मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालील उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

ऑक्टोबर 2024मध्ये नेमकी उलटी बाजू समोर आली. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचादोषाची टक्केवारी जास्त म्हणून एमबीबीएसला अपात्र धरले होते. निव्वळ आकड्यावरून कोणी अपात्र ठरत नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने तपासावे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे टक्के कमी पडले तर लेखनिक नाही आणि जास्त भरले तर प्रवेश नाही!

नोव्हेंबर 2024च्या राजीव रतुरी निकालाने तिसरा मुद्दा पक्का केला. सुगम्यतेचे निकष नियमांत केवळ शिफारशीसारखे होते. कायदा मात्र सक्ती सांगत होता. म्हणून न्यायालयाने नियम 15(1) रद्द केला आणि सक्तीचे निकष आखण्यास सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

5. निष्कर्ष

यातून कामाचे दोन नियम निघतात. वाटपाचा प्रश्न असेल तेथे दाखला मागावा. सहभागाचा असेल तेथे ‘किती टक्के?’ असे न विचारता ‘अडते कुठे?’ असे विचारावे. पुरावा लागलाच तर त्या अडचणीपुरता घ्यावा. आज स्वतःची क्षती सिद्ध करण्याचे ओझे दिव्यांग व्यक्तीवर आहे. दुसऱ्या वर्गात ते उलटायला हवे : अडथळा का दूर करता येत नाही, याचे लेखी उत्तर संस्थेने द्यायचे.